सहीची पहिली उचल

कलावंताने आपल्याच नावाची चार अक्षरे आपल्याच हाताने लिहावीत आणि त्याबद्दल चाहत्याकडून पैसे घ्यावेत की घेऊ नयेत, हा प्रश्न अमेरिकेतील चित्रकथांच्या मेळाव्यांत गेली अनेक वर्षे धुमसत असून त्याची झळ अहिल्यानगर जिल्ह्यापर्यंत अद्याप पोहोचलेली नाही. या जिल्ह्यात कलावंताला कशाचेही पैसे देण्याची कोणाला घाई नसते, हे त्याचे मुख्य कारण असावे. जिल्ह्याचे नाव 2024 साली अधिकृतपणे बदलले, तरी लोकांच्या तोंडी ते अजून नगरच आहे, आणि कलावंताच्या मानधनाबाबतचे धोरणही जुनेच आहे. तथापि एखादा प्रश्न आपल्याकडे उद्भवलेलाच नाही, एवढ्या कारणावरून त्याचा अभ्यास टाळणे शास्त्राला धरून होणार नाही.

ज्याला ‘कॉमिक कॉन’ म्हणतात तो मेळावा म्हणजे चित्रकथांचे लेखक, चित्रकार, प्रकाशक, विक्रेते आणि त्यांच्या नायकांचे कपडे अंगावर चढवून आलेले वाचक यांची दोनतीन दिवसांची जत्रा होय. सॅन दिएगोची अशी जत्रा 1970 पासून भरते, आणि 2011 मध्ये हे लोण आधी दिल्लीला व त्याच वर्षी मुंबईला पोहोचले. जत्रेत चित्रकारांना ओळीने टेबले मांडून बसवतात, समोर रांग लागते, आणि रांगेतला प्रत्येक जण हातातला अंक पुढे करून सही मागतो. पूर्वी ही सही फुकट मिळे. पुढे काही टेबलांवर दरफलक दिसू लागले, आणि लेखक-संपादक स्टॅन ली यांच्या अखेरच्या वर्षांत तर एका सहीला शंभर डॉलरांहून अधिक मोजावे लागत. ज्याची चित्रे पाहत लहानाचे मोठे झालो त्याने ऐन भेटीत पैसे मागावेत, ही चाहत्यांची तक्रार आहे. चाहता लहानाचा मोठा होत असताना चित्रकारही म्हातारा होत होता आणि त्याला निवृत्तिवेतन नव्हते, हा या तक्रारीतला गाळलेला मजकूर होय.

दरफलकांना आणखी एक कारण घडले, आणि ते चाहत्यांच्या बाजूचेच आहे. अमेरिकेत 2000 साली सुरू झालेली सीजीसी नावाची संस्था जुन्या अंकांची तपासणी करून त्यांना 10 पैकी गुण देते आणि अंक कडक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचा बंद करते. अंकावर चित्रकाराची सही असल्यास त्याला पिवळी चिठ्ठी मिळते, पण त्यासाठी संस्थेचा अधिकृत साक्षीदार सही होताना समोर हजर असावा लागतो. म्हणजे पंचनामा आलाच. असा पंचांसमक्ष सही झालेला अंक पुढे चढ्या भावाने विकला जातो. मात्र वाचण्यासाठी पेटी फोडली की गुण आणि चिठ्ठी दोन्ही बाद होतात, त्यामुळे ज्या अंकाची किंमत सर्वांत अधिक तो कोणीही वाचू शकत नाही. चाहत्याच्या वेशात आलेला व्यापारी एकाच अंकाच्या पाचपंचवीस प्रती टेबलावर ठेवतो, चित्रकार मान मोडेपर्यंत सह्या करतो, आणि आठवडाभरात त्या प्रती लिलावाला लागलेल्या त्याला दिसतात. यानंतर त्याने टेबलावर फलक लावला, तर त्याला लोभी म्हणण्यापूर्वी निदान घसा खाकरावा.

या धंद्यातील सर्वांत महाग सह्या मात्र कोणत्याही जत्रेत झालेल्या नाहीत. सुपरमॅन हे पात्र लेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शुस्टर या दोन तरुणांनी निर्माण केले, आणि त्याचे सर्व हक्क त्यांनी प्रकाशकाला 130 डॉलरांना विकले. 1 मार्च 1938 या तारखेचा तो धनादेश इतर कामांचे पैसे धरून एकूण 412 डॉलरांचा होता, आणि तो वटवण्यासाठी दोघांनी त्याच्या पाठीवर रीतसर सह्या केल्या. याच सह्यांचा धनादेश 2012 साली लिलावात 1,60,000 डॉलरांना गेला. तोपर्यंत शुस्टर वारून वीस वर्षे आणि सीगल वारून सोळा वर्षे झाली होती. हयातीतही त्यांची परवड थोडी नव्हती. पात्र जगभर उडत असताना अंकावरून जनकांची नावे काढून टाकण्यात आली होती, आणि नील ॲडम्स, जेरी रॉबिन्सन प्रभृती चित्रकारांनी आवाज उठवल्यावर 1975 च्या डिसेंबरात कंपनीने दोघांना वर्षाला प्रत्येकी 20,000 डॉलर आणि अंकावर नाव देण्याचे मान्य केले. हेच ॲडम्स पुढे मेळाव्यांत सहीचे पैसे घेत, आणि ते का घेत हे समजायला फार खोल जावे लागत नाही. ज्या धंद्यात नाव छापून येण्यासाठी भांडावे लागले, त्या धंद्यातील माणूस नाव लिहून देण्याचा आकार लावणारच.

या बाबतीत नगर जिल्ह्याचा पूर्वेतिहास कितीतरी स्वच्छ आहे. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तेव्हा ग्रंथाच्या अखेरीस काळ, कर्ता आणि ती लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा या तिन्हींची नोंद झाली. लेखनिकाचेही नाव वगळले गेले नाही. सुपरमॅनच्या प्रकाशकाला जे 1975 सालीही जड गेले, ते प्रवराकाठच्या नेवाशास जवळजवळ सातशे वर्षे आधी बिनबोभाट पार पडले होते. संतकवींनी तर अभंगाच्या शेवटच्या चरणातच आपले नाव गुंफण्याची, म्हणजे नाममुद्रेची, पद्धत रूढ केली, त्यामुळे अभंग म्हणणाऱ्या प्रत्येकाला कर्त्याची सही आपोआप आणि विनामूल्य मिळते व ती खोडताही येत नाही. नाममुद्रा घालूनही तुकोबांच्या नावावर दुसऱ्यांचे अभंग चढलेच, हा भाग वेगळा. तिथे सीजीसीचा साक्षीदार नव्हता.

आधुनिक काळात मात्र नगरला सह्यांचा योग फारसा लाभला नाही. ऑगस्ट 1942 मध्ये नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आदी बारा नेते भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले गेले आणि त्यांतील बहुतेक जण 1945 पर्यंत तिथेच होते. देशातील सर्वाधिक मागणीच्या डझनभर सह्या सुमारे अडीच वर्षे एका खंदकाच्या आत मुक्कामाला असताना नगरकरांच्या वह्या कोऱ्या राहाव्यात, याला दैवदुर्विलासाखेरीज दुसरे नाव नाही. नेहरूंनी त्या अवकाशात 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा जाडजूड ग्रंथ लिहून काढला. रोज सह्या मागायला माणसे येत असती, तर तो प्रस्तावनेपुढे सरकला असता की नाही, याची शंकाच आहे.

विनोदाच्या प्रांतातही हेच घडले. इंग्रजी नभोवाणीवर ‘गून शो’ने धुमाकूळ घालणारा आणि मुलांच्या कवितांना स्वतःच वेडीवाकडी चित्रे काढणारा स्पाइक मिलिगन 16 एप्रिल 1918 रोजी नगरमध्येच जन्मला, पण तो प्रसिद्ध झाला विलायतेत, त्यामुळे त्याची सही मागण्याची गर्दीही तिकडेच झाली. त्याच महिन्यात त्याच गावी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले शाहू मोडक पुढे पडद्यावरचे श्रीकृष्ण म्हणून घरोघर पोहोचले, परंतु पडद्यावरच्या देवापुढे वही उघडण्यापेक्षा हात जोडणे प्रेक्षकांना अधिक सोयीचे वाटे, कारण नमस्काराला पेन लागत नाही.

सहीचे पैसे घेणे हे मुळातच हलकेपणाचे आहे, असे महाराष्ट्राचे मत आहे काय, हे पाहिले असता चमत्कारिक उत्तर मिळते. महात्मा गांधी एका स्वाक्षरीमागे 5 रुपये घेत, आणि ते हरिजन निधीत जमा होत. त्या काळी 5 रुपये ही चेष्टा नव्हती, तरी त्यांना कोणी लोभी म्हटले नाही. उलट पावतीपेक्षा सही स्वस्त पडली असेच देणाऱ्याला वाटले असणार. याच जिल्ह्यातील शिर्डीस साईबाबा आल्यागेल्याकडे दक्षिणा मागून घेत आणि दिवस मावळेपर्यंत ती वाटून टाकत, असे साईसच्चरितात वर्णन आहे. यावरून निघणारा नियम असा की, घेणाऱ्याने घेतलेले पैसे स्वतःजवळ ठेवले नाहीत, तर मागणे पवित्र ठरते. व्यंगचित्रकाराची अडचण नेमकी इथे आहे. त्याला मिळालेले 50 रुपये तो विजेच्या बिलात घालणार, हे सर्वांना ठाऊक असते, आणि विजेचे बिल भरणे हे कोणत्याही संप्रदायात पुण्यकर्म मानलेले नाही.

चित्रकथांची जत्रा नगरला भरत नसली, तरी सहीची रांग मात्र इथेही लागते. ती साहित्य संमेलनात लागते. सत्तरावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन 1997 साली ना. सं. इनामदार यांच्या अध्यक्षतेखाली नगरला झाले, आणि त्याखेरीज जिल्हा, तालुका, ग्रामीण, बाल अशी संमेलने या भागात सुगीसारखी ठरल्या वेळी येतात. अशा संमेलनात व्यंगचित्रकाराला चहाच्या स्टॉलशेजारी एक टेबल आणि मागे दोरीला लावलेली चित्रे एवढे प्रदर्शन मिळते. तिथे येणारा सहीइच्छुक सहसा विकत घेतलेले पुस्तक आणत नाही. तो निमंत्रणपत्रिकेची कोरी बाजू आणतो, मोबाइलचे झाकण आणतो, आणि अगदीच निष्ठावंत असला तर वाचनालयाचे पुस्तक आणतो, ज्याच्या पहिल्या पानावर जांभळ्या शाईचा वाचनालयाचा शिक्का आधीच ऐसपैस पसरलेला असल्याने चित्रकाराला ‘दाखल क्रमांक’ या शब्दांच्या खाली उरलेल्या जागेत सही करावी लागते. आई मुलाला पुढे ढकलीत “घे ना सही काकांची, फार मोठे चित्रकार आहेत” असे म्हणते, मूल “कोण आहेत?” असे विचारते, आणि आई चित्रकाराकडे वळून अतिशय आदराने “आपलं नाव काय म्हणालात?” असे विचारते.

यानंतरची मागणी अधिक विचार करण्याजोगी आहे. सही झाल्यावर “सोबत एक छोटासा गणपती काढून द्या” असे जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. म्हणजे जी गोष्ट चित्रकाराने आयुष्यभर शिकून पोटापाण्याची केली, ती सहीवर फुकटची भर म्हणून, भाजीवरच्या कोथिंबिरीसारखी, मागितली जाते. गणपती छोटा असला तरी त्याचे दोन कान, चार हात आणि उंदीर हे ठरलेलेच असल्यामुळे त्याला लागणारा वेळ छोटा होत नाही, आणि रांगेतील पुढचा माणूस “मला पण तोच” म्हणून मोकळा होतो. सर्वसाधारण मराठी वाचकाने व्यंगचित्राला पैसे मोजण्याची सवय लावून घेतली नाही, याला एक जुने कारणही आहे. त्याला उत्तम चित्रे लहानपणापासून जवळजवळ फुकटच मिळत आली. व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी काढलेली चित्रे राज्यभरातल्या मुलांच्या दप्तरांत पोहोचली. मुलांनी त्या पुस्तकांना खाकी कव्हर घातले, चित्रातल्या माणसांना मिशा काढल्या आणि पानापानांवर सह्या केल्या, त्या मात्र स्वतःच्या.

तरीही संमेलनात चित्रकाराच्या एका सहीची कळकळीने वाट पाहिली जाते, हे मान्य केले पाहिजे. समारोपानंतर शाल, श्रीफळ आणि पाकीट हाती पडते न पडते तोच खजिनदार व्हाउचरबुक घेऊन मांडवभर त्याचा शोध घेत येतो. व्हाउचरवर 1 रुपयाचे रेव्हेन्यू स्टॅम्प, म्हणजे पावतीचे तिकीट, चिकटवलेले असते आणि त्याच्यावरून सही घ्यायची असते. कायद्याने हे तिकीट 5,000 रुपयांवरच्या पावतीलाच लागते, आणि पाकिटातील रक्कम त्या मर्यादेपासून सुरक्षित अंतरावर असते. तरी तिकीट लावतात, कारण त्यामुळे रक्कम मोठी वाटते. ही सही मागताना खजिनदार गणपती मागत नाही. ऑडिटर आक्षेप घेईल या भीतीने तो फक्त “पूर्ण करा, साहेब, सही पूर्ण करा” असे विनवतो.

हा गुंता सोडवण्याचा स्थानिक मार्ग एकच संभवतो, आणि तो सहकाराचा आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने लोणीच्या माळावर सहकारी साखर कारखाना उभारला, त्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. तेव्हापासून या जिल्ह्यात कोणताही प्रश्न संस्था नोंदवून चेअरमन निवडल्याखेरीज सुटलेला नाही. सहीच्या अधिकारासाठी, म्हणजे धनादेशावर आपली सही चालावी यासाठी, जिथे पॅनेलच्या पॅनेल आमनेसामने उभी राहतात, त्या जिल्ह्यात सहीचे मोल नव्याने पटवून देण्याची गरजच नाही. तेव्हा ‘स्वाक्षरी उत्पादक सहकारी संस्था’ नोंदवली जावी आणि उसाचे सर्व नियम तिला जसेच्या तसे लागू व्हावेत. प्रत्येक व्यंगचित्रकाराने हंगामापूर्वी आपल्या सहीची नोंद द्यावी. संमेलनाचे आयोजक तोडणीचा कार्यक्रम लावतील, त्यात संचालकांच्या पाहुण्यांचा क्रमांक आधी लागेल आणि बिगर-सभासद चित्रकाराची सही शेतात उभी वाळेल. केंद्र सरकार उसासाठी जो रास्त आणि किफायतशीर दर ठरवते, ज्याला एफआरपी म्हणतात, तसा दर सहीसाठी ठरेल. तो सही झाल्यापासून 14 दिवसांत द्यावा असा नियम असेल आणि पंधराव्या दिवसापासून आंदोलन सुरू होईल.

साखरेचा उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे शेकडा प्रमाण, जसे दर ठरवते, तसे सहीच्या बाबतीत वाचनीयता हे प्रमाण धरावे लागेल. इथे मात्र वाद होणार, कारण नामवंतांची सही वाचता येत नाही आणि वाचता येणारी सही बहुधा नवख्याची असते, त्यामुळे उतारा जितका कमी तितका दर अधिक, असा उफराटा तक्ता तयार होईल आणि साखर आयुक्तालयाचा तज्ज्ञ बोलावूनही तो सुटणार नाही. जुन्या चित्राच्या छापील प्रतीवर केलेली नवी सही खोडवा धरली जाईल, म्हणजे एकदा तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून आलेले दुसरे पीक. त्याला मशागत कमी लागते, म्हणून दर कमी द्यावा असे संचालक मंडळ म्हणेल, आणि उत्पादक पहिल्या उचलीसाठी, म्हणजे दराच्या पहिल्या हप्त्यासाठी, राहुरी फॅक्टरीच्या चौकात रस्ता रोको करतील. वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवाल ‘वाचला असे समजून’ मागील रांगेतून “मंजूर, मंजूर” अशा आरोळ्या उठतील, आणि उपस्थितीच्या रजिस्टरवर सभासदांच्या ज्या शेकडो सह्या होतील त्यांचे पैसे संस्थेकडे मागावेत काय, असा विषय ऐनवेळच्या विषयांत घेतला जाईल.

ज्यांना सहकाराचा मार्ग पटत नाही त्यांच्यासाठी कायद्यातही एक वाट आहे. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने 53 अ हे कलम आले. त्यानुसार चित्र, शिल्प, रेखाटन किंवा मूळ हस्तलिखित यांची मूळ प्रत कलावंताने एकदा विकल्यावरही ती पुढे 10,000 रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकली गेली, तर त्या किमतीत कलावंताचा हिस्सा राहतो. हा हिस्सा 10 टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. तरतूद उदात्त आहे यात वाद नाही. तिचा लाभ मिळण्यास मूळ चित्र आधी एकदा विकले जावे लागते, मग 10,000 रुपयांच्या वर दुसऱ्यांदा विकले जावे लागते, आणि ही बातमी चित्रकाराच्या कानी यावी लागते. नगरकडील रीत पाहता यातील पहिल्याच अटीपाशी गाडी अडते, कारण मूळ चित्र विकले जात नाही; ते मागून नेले जाते.

मागून नेलेल्या चित्राचा पुढील प्रवासही ठरलेला आहे. एखाद्या पुढाऱ्याच्या एकसष्टीला त्याचे अर्कचित्र, म्हणजे नाक, मिशी किंवा पोट यांपैकी जे ठळक असेल ते वाढवून काढलेले व्यक्तिचित्र, भेट द्यावे असे समितीचे ठरते. चित्रकार ते काढतो, पोट मुद्दाम थोडे आत घेतो, आणि उजव्या कोपऱ्यात खाली बारीक सही करतो. फ्रेमवाला काचेच्या आत चारी बाजूंनी सोनेरी पुठ्ठ्याची पट्टी बसवतो, आणि पट्टी रुंद असल्याखेरीज भेट भारदस्त दिसत नसल्याने सही नेमकी तिच्याखाली जाते. वरच्या बाजूला मोकळी जागा उरते, तिथे पितळी पट्टी येते; तिच्यावर ‘सप्रेम भेट’ या शब्दांखाली समितीच्या अकरा जणांची नावे ज्येष्ठतेनुसार कोरलेली असतात. त्यांत उपाध्यक्षांचे नाव राहून गेलेले आदल्या रात्री लक्षात आले, की ती पट्टी काढून दुसरी करून आणतात, आणि कोरणारा तिचे पैसे अक्षरामागे, आगाऊ घेतो.